भांगाला वाट उघडत नाही

१२ जुलै, शनिवार

वाट उघडली!

उघडली म्हणजे अशी उघडली की – पाणी मागे गेलं, गेलं, गेलं, आणि खालून दगडांची अख्खी पायवाट वर आली, थेट दीपगृहाच्या दारापर्यंत. मी ताट मांडीवर घेऊन लॅपटॉपसमोर बसलो होतो. आमटी सगळी पँटवर. श्वेता आतून ओरडली, "काय झालं रे?" म्हटलं, "वाट उघडली." ती म्हणाली, "वाट लागली म्हण. पँट धुवायला टाक."

सतरा वर्षं. सतरा वर्षं मी लोकांना सांगत फिरलोय की तो गेम शेवटी फुटका आहे, पुढचं बनवलेलंच नाही.

प्रज्योत, साल्या, तुला बघतो मी.

१३ जुलै, रविवार

काल डोकं इतकं फिरलं होतं की धड लिहिलंच नाही. आज नीट लिहितो. कुणाला सांगायला जावं तर हसतील – तेहतीस वर्षांचा घोडा, स्वतःचं रेडियमचं दुकान आहे, आणि रडतोय कशावरून तर गेमवरून.

गेमचं नाव 'टिंडर आयलंड'. गुरुवारी दिसलं की कुणीतरी तो जुना गेम झाडूनपुसून परत काढलाय. लगेच घेतला. श्वेताने स्क्रीनवर नाव वाचलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "टिंडर? आता? ह्या वयात?" दोन हजार सातमध्ये टिंडर म्हणजे फक्त आग पेटवायला ठेवतात तो सुका भुसा, हे पटवण्यात माझा चहा थंड झाला.

गोष्ट साधी. एक पोरगा. त्याचा बाप दीपगृहाचा दिवा सांभाळायचा, तो एक दिवस गायब. पोरगा आणि त्याची शेळी बेटाबेटांवर बापाला शोधत फिरतात. बस. पण बनवणाऱ्यांच्या डोक्यात काय किडा होता देव जाणे! आधी गुप्तहेरी, गावकऱ्यांना प्रश्न विचारत फिरा. मग मध्येच होड्यांची शर्यत. मग तलवारबाजी. मग एका बेटावर लग्न लागतं आणि तिथे तालावर नाचावं लागतं. चौथ्या बेटावर तर चक्क मासे तळायचे, करपले की म्हातारी लाटणं घेऊन मागे लागते! धड एकही गोष्ट नव्हती. तलवार स्वतःच्याच पोटातून आरपार जायची. पाद्र्याची दाढी त्याच्यापासून वीतभर लांब तरंगायची. शेळी भिंतीत शिरली की अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि बें बें चालूच. पण यार, काय गेम होता! कुणीतरी झेपत नसताना, जीव तोडून, होतं नव्हतं ते सगळं एकाच पातेल्यात टाकलंय हे कळायचं. नंतर चिकार गुळगुळीत गेम खेळलो. एकाचंही नाव आठवत नाही.

कॉम्प्युटर पप्पांनी आणलेला. सेकंडहँड, पिवळा पडलेला. बहारीनला जहाजाच्या कामावर गेले त्याच्या आठ दिवस आधी. "दहावीला उपयोगी पडेल," म्हणाले. जून २००७. तीन महिने फोन आले, मग बंद. आई म्हणाली एजंट पळाला, कंपनी बुडाली, माणसाचा पत्ता नाही. अजून नाही. कॉम्प्युटर मात्र राहिला.

सीडी प्रज्योतने आणली, अंधेरी स्टेशनबाहेरच्या चादरीवरून. प्रज्योत वर्सोवा कोळीवाड्यातला, पहिलीपासून माझ्या बाकावर. एकाने खेळायचा गेम आम्ही दोघं मिळून खेळायचो. कीबोर्ड त्याच्याकडे, माउस माझ्याकडे. तहच होता आमचा – पाणी त्याचं, इंग्रजी माझं. होडी, वारा, भरती, सुकती, तो म्हणेल ते. वाचायचं, कोडी सोडवायची, मी म्हणेन ते. त्यात मी काय दिवे लावले तेही लिहितो. पोराचा बाप 'लाइटहाऊस कीपर' होता. मी मराठी शाळेतला, मला एकच कीपर माहीत. दोन महिने आम्ही समजत होतो की बाप विकेटकीपर आहे. प्रज्योत विचारायचा, "मग ह्याची बॅट-बॉलवाली माणसं कुठायत?" मी ठोकून द्यायचो, "पुढच्या बेटावर."

तो माझ्या इंग्रजीवर विश्वास ठेवायचा. मी त्याच्या पाण्यावर. झालं.

मागे आईचं मशीन चालू असायचं, साड्यांना फॉल-पिको. खडखड थांबली की समजायचं, ती पण बघतेय. तिला ती शेळी आवडायची.

१४ जुलै, सोमवार

मुद्द्याचं राहिलंच.

गेमच्या आकाशात चंद्र होता आणि त्याच्यावर पाणी चढायचं-उतरायचं. हे प्रज्योतने ओळखलं. मला शंभर वर्षांत कळलं नसतं. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून तो गेममधल्या चंद्राला तिथ्या लावत बसायचा. मला शिकवलं – उधाण वेगळं, भांग वेगळा. पुनवे-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा भरती छोटी. मी विचारलं, "केसांचा की प्यायचा?" टपली मारली.

शेवटच्या बेटावर पोचलो ते दहावीच्या परीक्षेनंतर. समोर दीपगृह, मध्ये समुद्र, आणि पाद्री एकच वाक्य बोलतो: समुद्र जेव्हा सगळ्यात लांब जाईल तेव्हा चालत ये. मी अर्थ सांगितला. तेवढ्यात मला काकांबरोबर गावाला पाठवलं. २ मे ते ५ जून २००८. तिकडे आंबे खायचे सोडून मी वाळूत दीपगृहं काढत होतो!

परत आलो, पिशवी दारात टाकली आणि पहिला प्रश्न – वाट उघडली का रे?

त्याचं उत्तर मला शब्द न् शब्द पाठ आहे. "वाट उघडणार ती भांगालाच. मी सगळे भांग बसून काढले. भांगाला वाट उघडत नाय. गेमच फुटका हाय रे. पुढचं बनवलंच नाय लोकांनी. सोड."

पाणी त्याचं होतं. मी सोडलं.

आणि परवा वाट उघडली ती कधी? गेममधल्या अमावास्येला! काळंकुट्ट आकाश, चंद्राचा पत्ता नाही, आणि समुद्र पार मागे. म्हणजे भांगाचा काही संबंधच नाही. कोळ्याच्या पोराला हे माहीत नव्हतं?

असेल. जुना गेम खरंच फुटका असेल, आता दुरुस्त केला असेल. उगाच कुणावर आळ नको. शोधतो.

१५ जुलै, मंगळवार

शोधलं. बनवणाऱ्यांनी यादीच दिलीय, काय काय दुरुस्त केलं त्याची. दाढी चिकटवली. तलवार सरळ केली. शेळी मुद्दाम तशीच ठेवलीय, लोकांना आवडते म्हणून. आणि खाली एक ओळ – भरती-ओहोटीला आम्ही हात लावलेला नाही, ती पहिल्यापासून बरोबर होती.

प्रज्योतचे चार मिस्ड कॉल. नव्या होडीवर नाव लिहून द्यायचंय, त्याचंच असणार. उचलला नाही.

१८ जुलै, शुक्रवार

घाटकोपरला रेडियमचे रोल आणायला गेलो. मेट्रोने. निघताना आईचं नेहमीचं – "घाटकोपराक कित्याक जातंस? अंधेरीत काय गावना नाय?" महिन्यातून दोनदा जातो, दोनदा हेच. श्वेता म्हणते, आईंना घाटकोपरची ॲलर्जी आहे. खरंय. माझ्या लग्नाच्या वेळी तिकडचं एक स्थळ आलं होतं, आईने पत्रिकासुद्धा न उघडता परत पाठवलं. मला काय, श्वेता मिळाली.

वाटेत प्रज्योतचा व्हॉइस मेसेज ऐकला. "श्रेयस, मेल्या जिवंत हायस ना? होडी रंगवून तयार हाय. नाव तूच लिहायचं. नारळी पौर्णिमेच्या आत ये."

नवी होडी घेतलीय त्याने. 'तुळशीसागर', बापाच्या नावाने. तुळशीदासकाका आता समुद्रात जात नाहीत, जाळी विणत बसतात. मी जानेवारीत शब्द दिला होता – रेडियम नाही, मशीन नाही, हाताने लिहीन, ब्रशने. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही असं मीच बजावलं होतं!

आता हातच उठत नाही. खोटारड्याच्या होडीवर काय लिहू? 'भांगसागर' लिहितो.

२० जुलै, रविवार

सापडलं.

आईने तो कॉम्प्युटर अजून कपाटावर ठेवलाय, वर जुन्या पडद्याचं कापड शिवून घातलंय. पप्पांची वस्तू, टाकवत नसणार. मी डिस्क काढून आपल्या दुकानाशेजारच्या रिपेअरवाल्या चंद्रप्रकाशकडे नेली. म्हटलं, चालू झाली तर वडापाव, नाही झाली तरी वडापाव. अर्ध्या तासात झाली. दहावीचे निबंध, एकविरेचा फोटो, आणि गेमचं फोल्डर.

सेव्ह केलेल्या खेळांची यादी. माझ्या-त्याच्या मिळून आठ. आणि नववा.

नाव: SHEVAT. तारीख: १४ मे २००८.

मी तेव्हा गावाला. कॉम्प्युटर आमच्या घरी. प्रज्योत रोज आईला मासे पोचवायला यायचा, ते मला माहीत होतं. बसून माझा गेम पुरा करत होता ते माहीत नव्हतं.

चंद्रप्रकाश म्हणाला, "भाय, तबियत ठीक है ना?"

ठीक नाही. फुटका गेम वगैरे काही नव्हतं. एकट्याने शेवट बघितला, वर मला गंडवलं. आणि नंतर पुढे वर्षभर माझ्याबरोबर बसून तीच होड्यांची शर्यत, तेच तळलेले मासे, तोच लग्नाचा नाच – हसत, टाळ्या देत! मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "च्यायला, पुढे काय असेल रे?" आणि तो, ज्याने सगळं बघितलं होतं, तो म्हणायचा, "कुणास ठाव."

कुणास ठाव!!

२१ जुलै

दुकानात दोन नंबरप्लेट उलट्या कापल्या.

२४ जुलै, गुरुवार

आज अमावास्या. सकाळी सहाला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर गेलो. श्वेताला सांगितलं चालायला जातो. लग्नाच्या आठ वर्षांत कधी चाललोय?

पाणी कुठे होतं! जिथे नेहमी लाटा असतात तिथे सरळ चिखल, त्यात उघडे पडलेले खडक, त्यांच्यापलीकडे आणखी खडक, मी जन्मात न पाहिलेले. एक कोळीणबाई वाकून कालवं काढत होत्या. मी विचारलं, "मावशी, पाणी सगळ्यात लांब कधी जातं? भांगाला?" त्यांनी वर बघितलं. मी सकाळी सकाळी टाकून आलोय की काय, असा चेहरा. "भांगाला कसं जाईल बाबा? भांगाला पानी मरतं, हलत पन नाय. लांब जातं उधानाला. आवसेला, पुनवेला. जेवढं वर येतं तेवढंच खाली जातं. शेंबडं पोर पन सांगंल."

शेंबडं पोर पण सांगेल.

माझं इंग्रजी कच्चं होतं म्हणून मी चुकायचो. विकेटकीपर म्हणालो तो चुकून म्हणालो. ह्याने मात्र स्वतःच्या समुद्राचा शब्द घेतला, जो मला तपासता येणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तो वापरून मला फसवलं. गेम गेला उडत. हे लागलं.

पप्पा गेल्यापासून माझ्याशी खरं बोलणारा एकच माणूस आहे असं मी धरून चाललो होतो.

२५ जुलै

श्रावण लागला. आईचं सोवळं-ओवळं सुरू. माझं डोकं अजून तिथेच.

२७ जुलै, रविवार

गेलो कोळीवाड्यात. म्हटलं, तोंडावर विचारतो, मग बघू.

अंजनाबाई ओट्यावर. "आलास रं बाला? कुठं होतास एवढे दिस?" त्या प्रज्योतच्या आई, पण मला सहावीपासून भरवलंय त्यांनी. हसावं लागलं. तुळशीदासकाकांनी जाळ्यातून नुसती मान हलवली.

प्रज्योत होडीच्या कडेला निळा पट्टा ओढत होता. मला बघून खूश! "आलास एकदाचा! ब्रश आणलास?"

मी म्हटलं, "चौदा मे दोन हजार आठ."

एवढंच म्हणालो. नुसती तारीख. आणि त्याने ब्रश डब्यात ठेवला. कसली तारीख म्हणून विचारलंसुद्धा नाही! सतरा वर्षांपूर्वीची तारीख कुणाच्या लक्षात असते?

"पुरा केलास ना?"
"हो."
"माझ्या घरात बसून."
"हो."
"आणि मला म्हणालास फुटका आहे. भांगाला वाट उघडत नाय."
"हो."
"का?"

हात पुसत बसला. दोन्ही हात स्वच्छ झाले तरी पुसतोय. मग म्हणाला, "शेवट बेकार हाय त्याचा. तुला आवडला नसता."

"ते मी ठरवलं असतं ना!"

मी ओरडलो बहुतेक, कारण शेजारच्या होडीवरचे दोघे वळून बघायला लागले. तो जवळ आला, हळू आवाजात विचारतो काय तर, "मावशीला बोललास काय ह्यातलं?" मावशी म्हणजे माझी आई. बघा! मला तोंड द्यायचं सोडून ह्याला भीती कसली, तर आई रागावेल. तेहतीस वर्षांचा झाला तरी!

म्हटलं, "नाव दुसऱ्या कुणाकडून लिहून घे."

त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. मग गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत वाईट वाटायला लागलं, पण मागे वळलो नाही. अंजनाबाई हाका मारत होत्या.

३० जुलै, बुधवार

श्वेताला शेवटी सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अरे, गेम संपला असता तर तो तुझ्या घरी रोज कशाला आला असता?"

हे डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांच्या दोन खोल्यांत नऊ माणसं. आमच्याकडे पंखा, गरम घावणे, आणि आई त्याच्यासाठी वेगळी लसणाची चटणी करायची. गेम अर्धा राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी यायला कारण राहिलं. असेल. तसंच असेल. मग तसं सांगायचं ना, गाढवा! मी काय दार लावून घेतलं असतं?

राग अर्धा उतरला. अर्धा आहे.

वाट उघडल्यापासून मी पुढे खेळलोच नाही. रविवारी बसतो. तो 'बेकार' शेवट बघूनच घेतो.

३ ऑगस्ट, रविवार

संपवला.

दीपगृहात सात मजले आणि प्रत्येक मजल्यावर वेगळाच खेळ. एकावर तलवारी, एकावर कोडं, एकावर परत मासे तळा! पाचव्यावर दोनदा बंद पडला. शिव्या घातल्या, हसलो पण. शेळी जिन्यात अडकली, तिला तशीच सोडून वर गेलो.

वरचं दार उघडलं. मला वाटत होतं भूत असेल. सांगाडा असेल. समुद्री राक्षस, काहीही, ह्या लोकांचा काय भरवसा!

आत जेवणाचं टेबल. बाप बसलाय. जिवंत. धडधाकट. एक बाई त्याला वाढतेय. त्याच्या मांडीवर दोन-तीन वर्षांची मुलगी, बापासारखंच नाक. खिडकीतून पोराचं गाव दिसतं, त्याचं घरसुद्धा, एवढं जवळ. बाप पोराकडे बघतो आणि म्हणतो, "तू इथे यायला नको होतंस."

मग दोन बटणं येतात. राहा. जा. मी 'राहा' दाबलं. पोरगा वळला आणि जिना उतरायला लागला. परत लावून 'जा' दाबलं. तेच. काहीही दाबा, पोरगा उतरतोच. खाली शेळी उभी, ह्या वेळी पूर्ण, भिंतीबाहेर. संपला.

मी रडलो. लपवत नाही, पान माझं आहे. श्वेताने येऊन पाठीवर हात ठेवला.

म्हणजे हे होतं. सोळा वर्षांचा प्रज्योत आमच्या खोलीत माझ्या खुर्चीवर बसून हे बघतो, आणि ज्याचा गेम त्याचा बाप जाऊन तेव्हा वर्ष व्हायचंय. माझे पप्पा काही असे नव्हते. ते बहारीनला गेले ते आमच्यासाठीच गेले. पण त्याला वाटलं असणार, हे बघून श्रेयस काय काय मनात आणत बसेल. म्हणून भांग.

आणि तरी राग येतोच! कोण तू माझ्यासाठी ठरवणारा? मला न विचारता माझा मोठा भाऊ झालास? दीड महिना माझ्यापेक्षा लहान आहेस, नालायका.

५ ऑगस्ट, मंगळवार

ब्रश धुतले. दोन नंबरचा, सहा नंबरचा. पांढरा रंग आणला.

७ ऑगस्ट, गुरुवार

लिहिलं. 'तुळशीसागर'. दोन्ही बाजूंना, सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत. 'ळ' जरा मोठा झालाय, पण झकास दिसतो. तुळशीदासकाका काठी टेकत आले, अक्षरांवरून हवेतच हात फिरवला आणि परत जाऊन बसले.

प्रज्योत रंगाचा डबा धरून उभा. मग मीच –

"शेवट बघितला."
"मग?"
"बेकार आहे."
"बोललो होतो."

एवढ्यावर मिटलं. मिटलं म्हणजे काय, त्याने पाठीत गुद्दा घातला आणि माझा 'सा'चा काना वाकडा झाला. तो परत केला.

अंजनाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. श्रावण म्हणून मला वेगळी भाजी केली होती. निघताना म्हटलं, "उद्या घरी सांगतो सगळं. आईला कळू दे तू किती मोठ्या मनाचा आहेस ते." तो म्हणाला, "नको रे. कशाला. नको सांगूस." दोनदा म्हणाला. एवढा लाजायचा स्वभाव नव्हता त्याचा.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

आई नारळीभातासाठी नारळ खवत होती. मी बाजूला बसलो आणि सांगितलं, गेम संपला, बाप सापडतो, दुसऱ्या बायकोच्या घरात. प्रज्योतने माझ्यासाठी लपवलं होतं.

विळीवरचा हात थांबला. वर बघितलं नाही.

"त्या पोराक काय बोललंस तर नाय मा? तेचा काय चुकला नाय. मी मशीनवर बसलेलंय तेव्हा. सगळा बघितलंय. मियाच तेच्यासमोर हात जोडलंय – ह्यां माज्या झिलाक दावू नको."

"अगं, गेम होता तो! काय झालं असतं बघितला असता तर?"

"तू माका इचारलं असतंस, पप्पा खरांच खंय आसत," ती म्हणाली. "आनि मगे घाटकोपराक गेलो असतंस."